गावाकडं पूर आलाय आणि आपण इथं: काय पाठवावं, कसं पाठवावं?

काळी_माती
४ ऑक्टोबर २०२५, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी इथं लिहितोय.

गाव परांडा तालुक्यात, सीनेच्या काठाला. मी गेली अकरा वर्षं जर्मनीत, श्टुटगार्टजवळ. आमची सीना म्हणजे एरवी वाळू, बाभळी आणि मधे कुठंतरी गुडघाभर पाणी. लहानपणी आम्ही नदीत क्रिकेट खेळायचो म्हटलं की इथल्या लोकांना कळतच नाही. घटस्थापनेच्या सुमारास तीच सीना रातोरात गावात आली. दादाचा फोन आला तेव्हा इथं रात्रीचे साडेदहा, तिकडं दोन. "म्हशींची दावी कापलीत, आता आम्ही शाळेच्या गच्चीवर चाललो," एवढं बोलून फोन बंद. पुढचे चार दिवस लागला नाही.

त्या चार दिवसांत मी काय केलं? आमचे खासदार ओमराजे निंबाळकर पाण्यात उतरून माणसं काढताहेत तो व्हिडिओ अकरा ग्रुपांवर पाठवला. हेलिकॉप्टरचे व्हिडिओ पाठवले. ऑफिसात स्क्रीनच्या कोपऱ्यात धरणांच्या विसर्गाचे आकडे उघडे ठेवले. पुढं दादाला विचारलं तर त्यानं यातलं काहीच बघितलं नव्हतं. गावात लाइट नाही, मोबाईल चार्ज कुठं करणार!

एक म्हैस तीन किलोमीटर खाली सापडली, दुसरी नाही. सोयाबीन काढून गंजी लावली होती, ती गेली. नदीकडच्या तुकड्याची तर मातीच गेली, खाली मुरूम उघडा पडलाय.

इथं जर्मनीत आम्ही मराठवाड्यातले तीसेक जण आहोत. दोन दिवसांत ४१०० युरो जमले, अजून येताहेत. दसऱ्याला सोनं वाटायला जमलो होतो, तिथंच ठरलं. प्रश्न साधा आहे. हे पैसे कुठं, कसे आणि कशासाठी पाठवावेत? कुणी आधी केलं असेल तर सांगा.

जर्सी_सिटी
५ ऑक्टोबर, पहाटे ४:१०

आधी पासपोर्ट तपासा! गंमत करत नाहीये. तुमचा पासपोर्ट भारतीय असेल आणि पैसा तुमच्या कमाईचा, बँकेतून रीतसर गेलेला असेल तर तो परदेशी देणगी धरला जात नाही. माझा पासपोर्ट अमेरिकन आहे. ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयांना मिळतं ते) असलं तरी कायद्याच्या नजरेत मी परकाच. मित्राच्या लहानशा ट्रस्टला सातशे डॉलर पाठवले, तर त्यानं हात जोडून परत केले. त्यांची एफसीआरए (परदेशी देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी नाही. नोंदणी असलेल्या संस्थांनाही २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसा आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतच घ्यावा लागतो.

मुख्यमंत्री सहायता निधीला यंदा मे महिन्यात एफसीआरएची मान्यता मिळाली आहे, म्हणजे आमच्यासारख्यांना तो रस्ता मोकळा आहे. पण तुमचे पैसे तुमच्याच गावात पोचावेत असं वाटत असेल तर त्याचा उपयोग नाही.

आणि तुमच्या तिसातले जर्मन नागरिक किती, तेही बघा. सगळ्यांचे पैसे एका खात्यात ओतू नका.

चावडी
५ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

हे सगळं सरकारचं काम आहे. तुम्ही दरवेळी वर्गण्या काढता म्हणून सरकारला सुटका मिळते. बाकी चालू द्या.

माळवद
५ ऑक्टोबर, दुपारी १:०५

चावडीसाहेब, पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला हे सांगून बघा. असो.

काळी_माती, मी किल्लारीकडचा. १९९३ ला भूकंप झाला तेव्हा सहावीत होतो. ३० सप्टेंबर, पहाटे ३:५६. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून लोक उशिरा झोपलेले. दोन-दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद, त्यावर दरवर्षी मातीचा नवा थर. "उन्हाळ्यात पंखा लागत नाही," असं आजोबा पाहुण्यांना अभिमानानं सांगायचे. तेच सगळं अंगावर आलं. वर्षभर आधीपासून धक्के बसत होते, पण मग काय करायचं हे कुणी सांगितलं नव्हतं.

माझा मामा मुंबईला गोदीत होता. तिसऱ्या दिवशी आला. लातूरपर्यंत एस.टी., पुढं मिळेल त्या ट्रकनं, शेवटी चिखलातून पायी, कारण वरून पाऊसही लागला होता. त्याच्या पिशवीत आजीच्या दम्याच्या गोळ्या होत्या, तीन महिन्यांच्या. आजी पहिल्याच दिवशी गेली होती. त्यानं त्या गोळ्या कुणाला दिल्या नाहीत, फेकल्याही नाहीत. पुढं कितीतरी दिवस पत्र्याच्या शेडमधे खिळ्याला ती पिशवी तशीच टांगलेली होती.

मामानं काय मदत केली? सुरुवातीला काहीच नाही. बाहेरून इतके ट्रक येत होते की बिस्किटं कुत्री खात होती. कपड्यांचे तर ढीग होते रस्त्याच्या कडेला. माझ्या आईला त्यातून मिळालं काय, तर उंच टाचेचे चपला-जोड आणि एक कोट, खिशात कुणाच्या तरी लग्नपत्रिकेसकट. नऊवारी लुगडं मात्र एक नाही. शेवटी लोक त्या कपड्यांवर पाणी तापवायला लागले. पाठवणाऱ्याला वाईट वाटेल, पण खरं आहे.

मामाचा उपयोग झाला तो महिन्यानंतर. ट्रक बंद झाले, पुढारी गेले, आणि कागद सुरू झाले. कोण मेलं त्याचे दाखले, घर कुणाच्या नावावर, वारस कोण, प्लॉट कुठल्या वर्गातला. गावात लिहिता-वाचता येणारी किती माणसं उरली होती! मामा रोज सकाळी पोत्यावर बसायचा आणि अर्ज लिहायचा. बिनपगारी रजा काढून दोन महिने राहिला. आजही गावात त्याला "अर्जवाले मामा" म्हणतात.

आणखी एक. शांतिलाल मुथ्थांच्या भारतीय जैन संघटनेनं बाराशे मुलं पुण्याला शिकायला नेली, त्यात माझा चुलतभाऊ होता. तो तिकडंच राहिला, तिकडंच लग्न केलं. म्हणजे आपण म्हणतो बाहेर गेलेली माणसं आपत्तीत मदतीला येतात, पण आमच्यातली कितीतरी माणसं आपत्तीमुळंच बाहेर गेलीत. या सप्टेंबरात पूर आल्यावर आमच्या ग्रुपवर पहिला मेसेज त्याचाच होता. "कुणी अडकलंय का? मी गाडी काढतो." तेवढंच. कुठं जायचं तेही विचारलं नव्हतं.

गंजगोलाई
५ ऑक्टोबर, रात्री ८:४५

माळवद, लग्नपत्रिकेवर हसू आलं आणि मग वाचवेना.

लातूरचं २०१६ च्या दुष्काळातलं सांगतो. पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लागली होती, मग एप्रिलात मिरजेहून रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. स्टेशनवर फोटोंना ही गर्दी. त्याच आठवड्यात पुण्यातल्या लातूरकरांनी बाटलीबंद पाण्याचे बॉक्स पाठवले. प्यायला बरं, पण भांडी कशानं घासायची? आम्ही सांगितलं, पाणी नको, टाक्या द्या. टँकर दारात येतो तेव्हा घरात साठवायला काही नसतं, दोन घागरी भरल्या की टँकर पुढं जातो. त्यांनी मग पाचशे लिटरच्या टाक्या दिल्या. आमच्या गल्लीतली एक अजून आहे, आता त्यावर कुणीतरी तुळस लावलीय.

बाहेरगावच्या लोकांचे पैसे सगळ्यात चांगले लागले ते मांजरेचं पात्र रुंद-खोल करायला. साई ते नागझरी, लोकवर्गणीतून. त्याच पावसाळ्याच्या शेवटी पाणी आलं आणि पात्रात थांबलं. पण त्या कामात स्थानिक लोक रोज उन्हात पोकलेनपाशी उभे होते आणि डिझेलचा हिशोब लिहीत होते. तसं माणूस तुमच्या गावात आहे का, हे आधी बघा. नसेल तर ४१०० युरो कुठं गेले ते कळायचंही नाही.

मिलोची_भाकर
६ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

बहात्तरच्या दुष्काळात आमचे आजोबा भिवंडीला मागावर गेले. आजी इकडं खडी फोडायला, लेकरं मदतीच्या सुकडीवर. आजोबांची मनीऑर्डर यायची, वीस रुपये, आणि खालच्या कुपनावर दोन ओळी लिहायला जागा. आजीनं ती कुपनं जपून ठेवली होती. बहुतेकांवर एकच मजकूर: "बैल विकू नये." चौथ्या का पाचव्या कुपनावर: "विकले असतील तर कळवावे."

बैल विकलेले होते. आजीनं कळवलं नाही.

पिंपळपार
८ ऑक्टोबर, रात्री १०:१५

मी तुमच्याच पट्ट्यातला हाव. सेवा केंद्र चालवतो. तीन दिस झालं वाचलालाव, आता राहवत नाही मनून लिहितो. चुकलं तर माफी.

पैसे पाठवा, नको म्हणत नाही. पर आदी मला एक सांगा. सातबाऱ्यावर तुमचं नाव हाय का?

काल सरकारनं ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज सांगितलं. कोरडवाहूला हेक्टरी १८५००, बागायतीला ३२५००, खरडून गेलेल्या जमिनीला ४७ हजार रोख, दुधाचं जनावर ३७५००, गाळानं भरलेल्या हिरीला ३० हजार. आकडा बरा का वाईट ते पुढाऱ्यांनी बघावं. माझ्या टेबलापुढं रोज अडचण येगळीच असती. खातं सामाईक. तीन भाऊ, दोन बहिणी, आय. एक पुण्यात, एक सुरतंला, एक तुमच्यावानी इमानानं गेलेला. हितला माणूस बांधावर उभा राहून पंचनामा करून घेतो, पर पैसे पडायच्या टायमाला बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. न्हाईतर ज्याचा हिस्सा त्याच्या खात्यावर, त्याला आधार पायजे, फार्मर आयडी पायजे, न्हाईतर केवायसीला अंगठा. ज्याच्या हिश्श्याचे पैसे त्यो हितं नाही, आन जो हितं हाय त्याला ते मिळत नाहीत.

मागल्या अतिवृष्टीचं अनुदान अजून अडकून पडलेलं एक घर मला ठाऊक हाय. भाऊ दुबईला. दर दिवाळीला भावकीतल्या लेकरांना कपडे पाठवतो, पर सहीचा कागद पाठवंना. वाईट मनाचा नाही, त्याला ते काम वाटतच नाही.

मनून म्हणलं, आदी सातबारा बघा.

काळी_माती
८ ऑक्टोबर, रात्री ११:५८

पिंपळपार, तुमचा प्रतिसाद वाचून दादाला फोन केला.

आहे. माझं नाव आहे. आप्पा २०१९ ला गेले, वारसनोंदीत दादा, मी आणि ताई. नऊ एकर, सामाईक. मी कधी उतारा उघडूनही बघितला नव्हता.

दादाला विचारलं, तू बोलला का नाहीस? म्हणाला, "तू पैसे जमवलालास, त्यात हे कुठं काढायचं."

माझा आधारला जोडलेला नंबर २०२१ ला बंद झाला. रिचार्ज करायचा राहिला. ओटीपी येणार कुठं? फार्मर आयडी काढता येत नाही. ताई पुण्यात आहे, तिनं आधीच सही करून कागद परांड्याच्या गाडीत टाकला.

जर्सी_सिटी
९ ऑक्टोबर, पहाटे ३:०२

मी आत्ता भूलेख (सातबाऱ्याची सरकारी वेबसाइट) उघडून बघितलं. माझंही आहे. अजून.

पाटी_कोयता
९ ऑक्टोबर, सकाळी ६:४०

बीड जिल्ह्यातली शिक्षिका. तुम्ही सगळे परदेशाचं बोलताय म्हणून आमचंही सांगते. आमच्या गावचं अर्धं माणूस दरवर्षी बाहेरच जातं, कोयता घेऊन ऊसतोडीला. यंदा हंगाम १ नोव्हेंबरपासून आहे. मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) आधीच घेतलेली, गाडी येऊन उभी राहिली की निघावं लागतं. पूर सप्टेंबरात, पंचनामे ऑक्टोबरात, आणि अंगठे द्यायची वेळ येईल तेव्हा माणसं सांगली-कोल्हापूरच्या फडात. त्यांच्यासाठी कुणी ग्रुप काढत नाही.

माझ्या वर्गातल्या एका मुलीनं वडिलांचं आधार कार्ड दप्तरात ठेवलंय, "साहेब आले तर" म्हणून. मी तिला सांगितलं की नुसत्या कार्डानं होत नाही, अंगठा वडिलांचाच लागतो. तरी ठेवलंय.

चावडी
९ ऑक्टोबर, सकाळी १०:००

म्हणजे माझंच म्हणणं खरं. सरकारी पैसा नीट पोचला तर तुमच्या वर्गणीची गरजच नाही.

आणि एक विचारू? २०२० ला मुंबई-पुण्यातनं लोक गावाकडं चालत निघाले तेव्हा याच गावांनी रस्त्यावर बाभळीचे फास टाकले होते. आम्हाला चौदा दिवस शाळेत कोंडलं. माझा सख्खा चुलता वेशीवर काठी घेऊन उभा होता. आता पूर आला की आम्ही "आपली माणसं".

माळवद
९ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

चावडी, हे पहिल्यांदा मनातलं बोललात. शाळेत डबा कोण आणायचं?

चावडी
९ ऑक्टोबर, दुपारी १२:४१

चुलतीच. खिडकीतनं.

गंजगोलाई
१० ऑक्टोबर, रात्री ९:१५

काळी_माती, मूळ प्रश्नाचं उत्तर राहिलंच. आत्ता धान्य, कपडे, ब्लँकेट नको, ते आलंय. चारा लागणार आहे. कडबा भिजून काळा पडलाय, जनावरं तोंड लावत नाहीत. मुरघासाच्या (आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) बॅगा पश्चिम महाराष्ट्रातून येताहेत, पण त्या रस्त्यावरच्या गावांत उतरतात, आतल्या गावांपर्यंत जात नाहीत. त्याच्या भाड्याला पैसे द्या. मग ज्वारी-हरभऱ्याचं बी. आणि सगळ्यात शेवटी, पण सगळ्यात मोठं, गाळमाती. खरडलेल्या रानात तळ्यातला गाळ आणून टाकायचा तर जेसीबी आणि ट्रॅक्टरच्या खेपा मोजाव्या लागतील. ते काम जानेवारीनंतरचं, पाणी ओसरल्यावर. तेव्हा कुणाला आठवण नसते. निम्मे पैसे तेव्हासाठी दाबून ठेवा.

काळी_माती
२३ नोव्हेंबर २०२५, संध्याकाळी ६:२०

उशिरा लिहितोय, माफ करा.

चाऱ्याचे पैसे गेले. भारतीय पासपोर्टवाल्या एकोणीस जणांचेच घेतले, बाकीच्यांना मुख्यमंत्री निधीचा रस्ता दाखवला. गावातल्या चार पोरांनी वही केलीय. गाडीचा नंबर, बॅगा किती, कुणाच्या दावणीला किती, खाली सह्या. वहीचे फोटो मला दर रविवारी येतात. एका पानावर "काळी_माती यांचे बंधू, १ बॅग, परत केली" असं आहे. दादानं आमची बॅग शेजारच्या विधवा काकूंना दिली. मला बोलला नाही, वहीनं सांगितलं.

निम्मे पैसे जानेवारीच्या गाळासाठी ठेवलेत. दोघांनी "आत्ता का नाही" म्हणून भांडण काढलं, एकानं पैसे परत मागितले. दिले.

आता संमतीपत्राचं. मी ९ ऑक्टोबरला साध्या कागदावर सही करून फोटो पाठवला. चालेना, मूळ कागद पाहिजे. मूळ कागद कुरिअरनं पाठवला, तर मजकुरात गट नंबर एक आकडा चुकलेला. माझीच चूक, जुन्या उताऱ्यावरून लिहिला होता. पुन्हा लिहिला. मग म्हणाले, सही परदेशात झालीय तर साक्षांकन हवं. वकिलातीत वेळ मिळाली नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, एक दिवसाची रजा, म्युनिकला जाऊन-येऊन पाच तास. तलाठ्यांना (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, दादा अजून भाऊसाहेबच म्हणतो) कागद मिळाला तेव्हा पेरणी उलटून गेली होती. दादानं हरभऱ्याचं बी उधारीवर आणलं. मी तेवढे पैसे लगेच पाठवतो म्हणालो तर म्हणाला, "पाठव, पर ते तुझे झाले. हे आपल्या रानाचे होते."

४१०० युरो दोन दिवसांत जमले होते. एका सहीला सहा आठवडे.

पिंपळपार
२३ नोव्हेंबर, रात्री ९:५०

सहा आठवडे काय लई नाहीत. दुबईवाल्याचं अजून याचंय.

काळी_माती
११ डिसेंबर २०२५, रात्री १०:३५

दादाच्या खात्यावर पैसे पडले. कळवायचं होतं, म्हणून धागा वर काढला.

आणखी एक गोष्ट आहे, ती कुणाला विचारावी कळत नाही म्हणून इथंच. काल वहिनी बोलता बोलता म्हणाली, "भाऊजी, पुढच्या खेपंला असं व्हायला नको. तुमचं नाव कमी करून घेतलं तर बरं का?" लगेच म्हणाली, राग मानू नका. मागून दादाचा आवाज आला, "त्याला कशाला सांगतीस." म्हणजे घरात बोलणं झालेलं आहे.

मला राग नाही आला. तिचं बरोबरच आहे. मी त्या रानात काय करणार आहे? माझ्या मुलीला सोयाबीन दाखवलं तर ओळखायची नाही. पण उताऱ्यावरचं नाव काढायचं म्हटलं आणि रात्रभर झोप नाही. नऊ एकरातले तीन, त्यातला एक मुरूम झालेला. काय आहे त्यात धरून ठेवण्यासारखं!

मिलोची_भाकर
१२ डिसेंबर, सकाळी ७:०५

सही करू नका घाईत. आमच्या वडलांनी केली होती. नंतर गावाला गेलं की पाहुण्यासारखा चहा यायचा.

पाटी_कोयता
१२ डिसेंबर, सकाळी ७:५०

उलट मी म्हणेन, करा. राबणाऱ्याच्या नावावर रान असावं. चहा तर आत्ताही पाहुण्यासारखाच येत असेल.

माळवद
१२ डिसेंबर, दुपारी २:१०

मधला रस्ता काढता येईल, कुलमुखत्यारपत्र भावाच्या नावे. नाव राहील, सही तो करेल. वकिलाला विचारा. आणि वहिनींना परत फोन करा, त्या बिचाऱ्या घाबरून बसल्या असतील.

काळी_माती
१४ डिसेंबर, रात्री ११:२०

केला. तासभर बोललो. रडली थोडी, मग म्हणाली म्हशीला रेडी झालीय. तीच, तीन किलोमीटर खाली सापडलेली.

८ जानेवारीचं तिकीट काढलंय, संक्रांत गावाला. गाळाच्या खेपाही तेव्हाच सुरू करायच्या म्हणतोय. सहीचं काय ते तिथंच ठरवू.

पिंपळपार
१५ डिसेंबर, सकाळी ८:३०

या. हक्कसोड करायचं झालं तर रजिस्टर लागतं, दोघा भावांना सोबत जावं लागंल. ते मागून बघू. येताना हितलं सिम घ्या आन पयल्यांदा आधारचा नंबर बदला. परांड्याला सकाळी आठच्या आत या, टोकन लवकर संपतंय. जुनं आधार कार्ड सोबत असू द्या, फोटो चालत नाही.